दगड पुन्हा येईपर्यंत

आमच्या घरात दुर्बीण आली तेव्हा मायला वाटलं, ती धान्य ठेवायची नव्या तऱ्हेची कणगी आहे. त्यात तिची काही चूक नव्हती. भोकरदनच्या ज्या पत्रेवाल्याकडून अण्णांनी ती करून घेतली, तो एरवी कणग्या, चाळण्या आणि रॉकेलची नरसाळी करायचा. लांब नळी करायची आणि तिची दोन्ही तोंडं उघडी सोडायची, हे त्याला सहनच होईना. "गुरुजी, उंदरं जातील ना आत," म्हणून त्यानं आपल्या मनानं दोन्हीकडे झाकणं डागून दिली होती. अण्णांनी ती घरी आणून पकडीनं उचकटली. पत्रा तुपाच्या जुन्या डब्यांचा होता, त्यामुळे नळीच्या अंगावर जागोजाग 'शुद्ध', 'शुद्ध' असं छापलेलं राहिलं होतं. पुढच्या तोंडाला जालन्याच्या मस्तगडातल्या चष्मेवाल्यानं दिलेलं एक नंबरचं भिंग, मागच्या तोंडाला घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग, आणि मधे दोन हात शुद्ध हवा. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एवढ्या सामानावर विश्व बघायचं ठरवलं होतं.

अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातले जुने देव गेले, आणि रिकाम्या देवळीत बुद्धाची लहान मूर्ती आली. तिच्या शेजारी उरलेल्या जागेत अण्णांची पुस्तकं आली, आणि दर वर्षी ती मूर्तीला थोडी थोडी बाजूला सारत गेली. आमचं घर धाब्याचं, वर मातीचं माळवद. माळवदावर मायचं राज्य होतं. तिथं मिरच्या वाळायच्या, तूर वाळायची, कुरडया व्हायच्या. संध्याकाळी वर गेलं की शेजारच्या गुरांच्या साखळ्यांचा आवाज, पिठाच्या गिरणीचं पुकपुक आणि स्टँडवरच्या कंडक्टरचं "जालनाऽ जालनाऽ" एवढं सगळं एकदम ऐकू यायचं. आता मी राहते तिथं रात्रंदिवस मोटारी वाजतात आणि ऐकू काहीच येत नाही.

दुर्बिणीला बैठक हवी होती, आणि ती वळायलाही हवी होती. गावात गिरणी आल्यापासून मायचं जातं कोपऱ्यात पडून होतं. अण्णांची नजर त्याच्यावर गेली. शेजारच्या रंगनाथकाकांचे दोन गडी बोलावून त्यांनी जातं माळवदावर चढवलं आणि दुर्बीण नवारीनं जात्याच्या खुंट्याला बांधली. वरची तळी फिरवली की दुर्बीण फिरायची, उंच-खाली करायला नळीखाली एक वीट असायची. फक्त एक अडचण होती. जातं जमिनीसरसं, आणि दुर्बिणीचं तोंड आभाळाकडे, त्यामुळे मागचं भिंग पार खाली यायचं. तारा बघायचा तर घोंगडीवर पालथं पडून, गाल मातीला टेकवून बघावं लागायचं. माय शिडीवरून डोकं वर काढून म्हणायची, "बापलेक कितीबी दळा, शेरभर पीठ काही निघणार न्हाई."

दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. पहिल्याच दिवशी, दिवसाउजेडी, अण्णांनी रंगनाथकाकांना मानानं बोलावून त्यांचंच रान दाखवलं. काका मोठे जमीनवाले, अंगानं आडवे. ते कसेबसे पालथे झाले, क्षणभर बघितलं, आणि "म्हैस उलथली! म्हैस उलथली!" असं ओरडत शिडी उतरून धोतर सावरत रानाकडे पळाले. म्हैस चारही पायांवर उभी राहून रवंथ करत होती. ते परत आले तेव्हा अण्णा त्यांना भिंग प्रतिमा का उलटी करतं ते समजावू लागले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं बराबर हाये गुरुजी, पण माझी एकच म्हैस हाये."

त्या हिवाळ्यात अण्णांकडे येणाऱ्या विज्ञानाच्या मासिकात बातमी आली, की डोंगराएवढा एक दगड सूर्याभोवती फिरत फिरत पृथ्वीच्या जवळून जाणार आहे. इरॉस त्याचं नाव. डोळ्यांना दिसणार नाही, पण लहान दुर्बिणीतून दिसेल, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या आसपास, साध्या ताऱ्यासारखा ठिपका. तारे जागचे हलत नाहीत आणि हा मात्र तास-दोन तासांत सरकलेला कळेल, हीच त्याची ओळख. अण्णांनी हे वर्गात सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. रंगनाथकाका चौकशीला आले.

"गुरुजी, पडणार कुठं तो?"

"पडणार न्हाई. चंद्र हाये त्याच्याही पल्याडून, लई लांबून जाणार."

"मंग जवळून जवळून काय म्हणू राह्यले?"

"आभाळाच्या हिशेबानं जवळून."

काकांनी विचार केला. "पडलाच तर माझ्या खालच्या तुकड्यात पाडा. तिथं तसंबी काही उगवत न्हाई."

पहिल्या संध्याकाळी आम्ही पुनर्वसू शोधू लागलो तर पूर्वेला एकदम लख्ख उजेड पडला. काकांनी त्यांच्या कडब्याच्या गंजीपाशी शंभराचा बल्ब लावून, मागं ताट धरून, त्याचा झोत आभाळाकडे वळवला होता. आम्हाला तारे नीट दिसावेत म्हणून. अण्णा माळवदावरून हात जोडून बंद करा म्हणू लागले, आणि काका खालून ओरडले, "संकोच नका करू गुरुजी, मीटर माझंच हाये!" शेवटी मला खाली जाऊन सांगावं लागलं, की काका, तारे अंधारातच दिसतात. त्यांनी बल्ब घालवला, पण त्यांना वाईट वाटलं. एवढ्या मनापासून केलेली मदत अशी वाया गेलेली कुणालाही आवडत नाही.

अण्णांच्या चष्म्याचा नंबर जबर होता. दुर्बिणीत त्यांना तारा म्हणजे पिठाचा डाग दिसायचा. स्वतःला दिसत नसलेली गोष्ट बघण्यासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला होता, आणि बघायचं काम माझ्याकडे होतं. "तू बघ आन मला सांग," एवढंच ते म्हणायचे. पृथ्वी फिरते म्हणून तारा भिंगातून सारखा निसटतो. त्याच्या मागं जातं केसाकेसानं ओढत राहावं लागतं, आणि ते मला साधलं होतं. पहिल्या संध्याकाळी मी पुनर्वसूजवळ एक ठिपका हेरला. तो मासिकातल्या ताऱ्यांच्या नकाशात नव्हता. पण तोच दगड, हे तो हलल्याशिवाय कसं ठरणार? तेवढ्यात धुकं आलं. उद्या बघू, असं अण्णा म्हणाले.

पण उद्या मला बघायला येणार होते.

मी मॅट्रिकला होते आणि मला पुढं सायन्सला जायचं होतं, तेव्हाच्या औरंगाबादेत, कॉलेजात. अण्णांना हवं होतं. मायला नको होतं. पोरगी परगावी एकटी ठेवायची या विचारानंच तिचा जीव खालीवर व्हायचा, आणि तिच्या भावानं, अर्जुनमामानं, जालन्याचं चांगलं स्थळ आणलं होतं. बरेच दिवस अबोला चालला आणि मग दोघांत तह झाला: त्यांची पसंती आली तर उन्हाळ्यात लग्न, नापसंती आली तर कॉलेज. दोघांनीही बुद्धाच्या मूर्तीसमोर हे कबूल केलं. माझी पंचाईत अशी, की मला नापसंत करावं असं काही नव्हतं. मी बरी दिसायचे, भाकरी गोल करायचे, खालच्या मानेनं बोलायचे. आठवडाभर मी आपल्यात काहीतरी खोट निघावी म्हणून आरशासमोर तोंड वेडंवाकडं करून बघितलं, पण ऐनवेळी तेवढी हिंमत होणार नाही हे मलाच ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मी रडत होते, फक्त कुणाला दिसू देत नव्हते.

पाहुणे चारला यायचे होते. मायनं शिरा केला, भजी तळली, तिळाची चटणी कुटली, मला तिची हिरवी साडी नेसवली. चार वाजले, पाच वाजले. राजूरला चतुर्थीची गर्दी होती आणि जालन्याची गाडी त्या गर्दीत अडकली, हे मागाहून कळलं. सहा झाले, दिवस बुडाला. पश्चिमेला चंद्राची कोर आणि पूर्वेला कडब्याच्या गंजीवर पुनर्वसू उगवले. अण्णा अंगणात येरझाऱ्या घालत होते, आणि प्रत्येक फेरीला त्यांची मान थोडी आणखी वर जात होती. शेवटी ते हळूच म्हणाले, "तवर एकदा बघून येऊ. पाच मिनिटांत." थंडी होती म्हणून मी साडीवर त्यांचा कोट चढवला, डोक्याकानाला मफलर गुंडाळला आणि वर जाऊन पालथी पडले.

ठिपका कालच्या जागेवर नव्हता. पुष्कळ पुढं सरकून एका लहान ताऱ्याच्या खाली आला होता, आणि त्या ताऱ्याकडेच चालला होता. मी अण्णांना सांगितलं. अंधारात त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि जात्याशेजारी मातीतच बसले.

पाच मिनिटांचा तास झाला, तेव्हा खाली आवाज झाले. पाहुणे आले होते. मामा, मुलगा, मुलाचे चुलते दौलतराव आणि आणखी दोघे-तिघे. माय लगबगीनं म्हणाली, बसा, गुरुजी वर गेलेत, बोलावते. दौलतराव म्हणजे घरातले कर्ते. काळा कोट, दणदणीत आवाज, आणि बैलांच्या शर्यतीचा, शंकरपटाचा, भयंकर नाद. "वर काय हाये?" म्हणत ते थेट शिडी चढले, आणि कर्ते चढले म्हणून मागोमाग सगळे चढले.

"जय भीम गुरुजी! अंधारात काय करू राह्यले?"

"जय भीम, जय भीम! कंदील खालीच राहू द्या. डोळ्याला अंधाराची सवय झाली की दिसतं. दगड आलाय."

अण्णांनी दगडाची हकिकत सांगितली. दौलतरावांनी कोटाची बटणं सोडली आणि पालथे पडले. मी नळी धरून होते. "बाळा, दाखव रे जरा," ते म्हणाले. मी मुलगा नव्हते, पण कोट-मफलरात ते कळायचं कसं? मी आवाज न काढता त्यांची मान धरून भिंगाला लावली.

"दोन ठिपके हायेत. त्यातला दगड कोणता?"

"वरचा," मी मफलरातूनच, जाड आवाजात म्हटलं. "उलटं दिसतं. तो ताऱ्याकडे चाललाय. आम्ही वर आलो तेव्हा याच्या दुप्पट लांब होता."

"धावू राह्यला?" दौलतराव कोपरांवर उठले. "म्हंजे पट हाये म्हणा की!"

त्यानंतर काय झालं ते मी पुष्कळांना सांगितलं आहे आणि कुणीही विश्वास ठेवलेला नाही. दगड ताऱ्याला धडकणार की बाजूनं जाणार, यावर माळवदावर दोन पक्ष पडले. तारा दगडाच्या मागं अफाट लांब आहे, धडकायचा प्रश्नच नाही, हे अण्णा सांगत होते, पण पटाच्या वेळी असलं कोण ऐकतो? दौलतराव म्हणाले धडकणार, मामा म्हणाला बाजूनं जाणार, आणि हरेल त्यानं सगळ्यांना हुरडा खाऊ घालायचा असं ठरलं. एकेक जण पालथा पडायचा, बघायचा, हातानं अंतर दाखवायचा आणि उठायचा. तारा निसटू लागला की दौलतराव गर्जायचे, "दळ बाळा, दळ!" आणि मी जातं ओढायचे. मुलगा स्वतः शांत होता. त्याला दोनदा पाळी मिळाली, दोन्ही वेळा तो चांगलं बघून उठला आणि म्हणाला, "हलवू नका, हात लावू नका." मला तो बरा वाटला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

मायनं वाट बघून बघून शिऱ्याच्या ताटल्या वरच आणल्या. अंधारात कुणी शिऱ्यावर तिळाची चटणी घेतली, कुणी भजं समजून विटेचा तुकडा उचलला. "पोरगी बघता ना?" मायनं दबक्या आवाजात मामाला विचारलं. दौलतरावांनीच उत्तर दिलं, "बघू, बघू. एवढा दगड जाऊ द्या."

आणि त्याच वेळी शिडीवरून सूर्य उगवला. रंगनाथकाकांना बल्बचं शल्य होतं. गुरुजींच्या घरी पोरगी बघायला आले आणि घरात उजेड नाही, हे ऐकून ते लग्नाकार्यातली मोठी गॅसबत्ती पेटवून, डोक्यावर धरून आले होते. आता त्या उजेडात सगळं दिसणार होतं. कोटाखालचे हिरवे काठ दिसणार होते, मी दिसणार होते. मी डोळे मिटून घेतले. माय म्हणाली, "या भाऊ, या, बरं केलं."

"विझवा!" दौलतराव पालथ्या अंगानंच ओरडले. "बोटभर राह्यलंय! कोण हाये तो? विझवा म्हणतो ना!"

"अहो, पोरगी दिसायला नको?" काका म्हणाले.

"पोरगी कुठं पळून चालली? दगड चाललाय!"

सगळ्या पाहुण्यांनी मिळून काकांना शिडीवरून खाली लोटलं. त्यात एकाचा पाय शिऱ्यात पडला. काका बत्तीसकट अंगणात उतरले आणि बत्तीकडे बघत बसून राहिले. पाहुणे डोळे चोळत पुन्हा अंधाराची सवय करून घेत होते, एवढ्यात स्टँडवरून शेवटच्या गाडीचा भोंगा वाजला. एकच पळापळ झाली. मुलगा स्वतःची एक आणि अण्णांची एक चप्पल घालून गेला. वळणावरून दौलतरावांचा आवाज आला, "गुरुजी, कळवा हो! लागला का ते कळवा!" आणि मग नुसती गाडीची घरघर.

मी पुन्हा पालथी पडले. दगड ताऱ्याला चाटून गेल्यासारखा बाजूनं निघाला होता. मामा जिंकला होता. माय ताटल्या गोळा करायला आली आणि माझ्याशेजारी घोंगडीवर पडली. दुर्बिणीला तिनं त्या दिवसापर्यंत डोळा लावला नव्हता. बराच वेळ बघून ती म्हणाली, "मला बघायला आल्ते ना, तव्हा चालून दाखवायला लावलं. केस सोडून बघितले. एका बाईनं दात बघितले." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुला कोणी बघितलंच न्हाई." तिचं अंग हलायला लागलं. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, तोंडात पदर कोंबून, खाली काकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

आठ-दहा दिवसांनी मामा निरोप घेऊन आला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जालन्याला पोचल्यावर घरातल्या बायांनी विचारलं, मुलगी कशी आहे? रंग? उंची? दौलतराव म्हणाले, शिरा झकास होता. मुलगा म्हणाला, हात फार स्थिर आहे. तिसऱ्यानं शपथेवर सांगितलं, की गुरुजींना मुलगी नाहीच, एक पोरगा आहे आणि हुशार आहे. कबूल कुणीच करेना, की आपण बघायला जाऊन न बघता आलो. तेव्हा दौलतरावांनी निर्णय दिला, तो मामानं शब्दाला शब्द सांगितला: "पसंत बी न्हाई आन नापसंत बी न्हाई. दगड पुन्हा आला का आम्ही पुन्हा येऊ. तव्हा दोन्ही नीट बघू."

तह मोडून पडला. पसंती आली तर लग्न, नापसंती आली तर कॉलेज. पण दगड आला तर काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं. अण्णा शब्दाचे पक्के. ते खाली मान घालून बसले. मी दाराआड उभी होते. मग अण्णांनी देवळीतलं मासिक काढलं, चष्म्याला टेकवून वाचलं आणि खाकरून म्हणाले, "एवढ्या जवळून पुन्हा यायला त्याला सदतीस वर्षं लागतात."

"सदतीस?" मामा म्हणाला. "मंग मी त्यांना काय सांगू?"

भाकरी थापायचा आवाज थांबला. माय चुलीपासून उठली नाही, तिथूनच म्हणाली, "सांग, आमची बिलकुल हरकत न्हाई. म्हणावं, अवश्य या. तवर पोरगी शिकंल." आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

जूनमध्ये तिनंच माझी ट्रंक भरली. अण्णांनी दुर्बीण देऊ केली, पण जात्याशिवाय तिचा उपयोग नव्हता, आणि जातं गाडीत कंडक्टरनं घेतलं नसतं. मी पुढं भौतिकशास्त्र शिकले, जन्मभर शिकवलं. लग्नही झालं, आपल्या पसंतीनं आणि भरपूर उजेडात. अण्णा गेले. पत्र्याची नळी गंजून 'शुद्ध'मधला नुसता 'शु' उरला होता, तोही गेला. हुरडा मात्र मामाला कधीच मिळाला नाही.

आणि सदतीस वर्षांनी, कबूल केल्याप्रमाणे, दगड आला. माझी निवृत्ती जवळ आली होती. माय आमच्याकडेच होती. बरंचसं विसरायची, मला कधी कधी तिची बहीण समजायची. वॉचमनला सांगून मी गच्चीवरचा दिवा बंद करून घेतला, तिला शाल गुंडाळून खुर्चीत बसवलं, आणि माझ्या नव्या दुर्बिणीतून शोधत राहिले. शहराच्या उजेडात फार वेळ लागला. एकदाचा तो सापडला, तोच साधा ठिपका, आणि मला अण्णांची इतकी आठवण झाली की डोळे भरून पुढचं दिसेना. बघून आता सांगणार कुणाला?

"माय, दगड आलाय," मी म्हटलं.

ती सावरून बसली. पदर डोक्यावर घेतला आणि अंधारात जिन्याकडे बघू लागली. "मंग ते लोक आले का?"

"न्हाई आले, माय."

"गाडी अडकली आसंल राजूरला." खाली कुणाचातरी टीव्ही चालला होता. मग तिनं चाचपडत माझा हात धरला. "येत न्हाईत ते आता. तू लाव लाईट. मी तरी बघते तुला."

मी उठून दिवा लावला.